जयंतीची यादी करता करता: आठ अल्बम, एक डीजे आणि आबांचा कान

पोस्ट मोठी आहे. घाई असेल तर शेवटचा भाग वाचा, पण मग कमेंटमध्ये अर्धवट वाचून भांडायला येऊ नका.

झालं असं, की मागच्या रविवारी मस्तगडला जयंतीच्या तयारीची बैठक होती. दरवर्षीसारखाच विषय, डीजे कोणता आणि किती बेसचा. मी दरवर्षीसारखाच उठलो आणि म्हणलं, तासभर तरी जुनी गाणी ठेवा. मागं बसलेला एक पोरगा म्हणाला, "भाऊ, तुम्ही दरसाली हेच म्हणता. जुनं म्हणजे कोणतं, ते तर सांगा. यादी द्या ना." सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येताना लक्षात आलं की पोरगं बरोबर बोललं. आपण 'जुनं ते सोनं' म्हणतो आणि सोन्याचा एक तुकडाही दाखवत नाही.

रात्री माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. आबांच्या कॅसेटी आहेत त्यात. नव्या पिढीला माहीत नसेल, आबांची या भागात साउंड सर्व्हिस होती. दोन भोंगे, एक आहुजाचा अँप्लिफायर, एक टेपडेक आणि सायकल. लग्न, जावळ, जयंती, उरूस, गणपती, निवडणूक, सगळीकडं आबा. कॅसेटी शंभरएक असतील. निम्म्यांना बुरशी लागलीय. काहींवर आबांच्या अक्षरात नाव, काहींवर नुसतं 'चांगली' असं लिहिलेलं.

त्याच पेटीच्या तळाशी माझी एक वही सापडली. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमधली, २००२ ची. तीत माझी जुनी यादी होती. 'जगातले सर्वश्रेष्ठ अल्बम', एक ते पन्नास. सगळे इंग्रजी. पिंक फ्लॉइड, टॉकिंग हेड्स, जॉय डिव्हिजन. पन्नासात एकही नाव आपल्याकडचं नाही. ज्या घरात शंभर कॅसेटी होत्या त्या घरातल्या पोराची यादी.

हे का झालं ते आज लिहितो, कारण वीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. हॉस्टेलमध्ये पहिल्याच आठवड्यात रूमवर एकानं विचारलं, "तू काय ऐकतो रे?" साधा प्रश्न. पण मला ठाऊक होतं की मी प्रल्हाद शिंदे म्हणलो की पुढचा प्रश्न आडनावाचा येणार, आणि त्याच्या पुढचा रँकचा. मग मी म्हणलं, "इंग्लिश." तेव्हा बाजारात पन्नास रुपयांत एमपी-थ्रीची सीडी मिळायची, एकीत दहा-बारा अल्बम. मी त्या आणल्या, डिक्शनरी घेऊन पाठ केल्या. पिंक फ्लॉइड ऐकणाऱ्याला कुणी जात विचारत नाही, असा माझा हिशेब. हिशेब बराचसा बरोबरही निघाला. पण गंमत अशी की लपायला म्हणून गेलेलो मी त्या गाण्यांत खरंच अडकलो. ती गाणी आवडली, आजही आवडतात. ढोंग होतं ते फक्त इतकंच, की दुसरी गाणी मला माहीत नाहीत.

तर यंदा ठरवलं, दोन्ही पेट्या एकत्र उघडायच्या. चार रात्री बसून सगळं पुन्हा ऐकलं आणि नवी उतरंड लावली. पन्नास नाही, आठच. निकष एकच ठेवला. नवीन वाट पाडली का, आणि आज मस्तगडच्या चौकात उभं राहून ऐकलं तर काही सांगतं का?

८) पिंक फ्लॉइड, 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३)

जुन्या वहीत हा एक नंबरला होता. सुरुवातीला काळजाचे ठोके, मधे घड्याळं, मधे गल्ल्यातल्या नाण्यांचा खणखणाट. आवाजांचं चित्र कसं काढायचं ते यांनी शिकवलं. आर्ट रॉक म्हणतात ते हेच. हेडफोन लावून ऐका, अजूनही अंगावर येतं. पण वय वाढलं तसं वाटायला लागलं की हे एकट्यानं, खोलीचं दार लावून ऐकायचं संगीत आहे. ज्याला स्वतःची खोली आहे त्याचं. आमच्या घरी दोन खोल्यांत सात माणसं होती. आठवा नंबर, मानाचा.

७) 'जैत रे जैत' (१९७७)

दिग्दर्शक जब्बार पटेल, कथा गो. नी. दांडेकरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकर, आणि शब्द ना. धों. महानोर. महानोर म्हणजे आपल्या शेजारचे, सोयगाव तालुक्यातल्या पळसखेडचे शेतकरी. सिनेमा जवळजवळ गाण्यांनीच पुढं सरकतो. एक गाणं संपत नाही तोवर दुसरं उगवतं. नायक नाग्या ढोल वाजवणारा ठाकर, नायिका चिंधी म्हणजे स्मिता पाटील, आणि शत्रू कोण तर डोंगराच्या कड्यावरची राणीमाशी. इंग्रजीत ज्याला 'कॉन्सेप्ट अल्बम' म्हणून डोक्यावर घेतात, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच गोष्ट, ते हेच की. आपण मात्र त्यातली दोन-तीन गाणी सुटी काढून लग्नाच्या ऑर्केस्ट्रात टाकली. एकदा सगळं सलग ऐका, मग बोला.

सातवाच का? कारण ही आदिवासींची गोष्ट आहे, पण सांगणारे सगळे बाहेरचे. सुंदर सांगितलीय, प्रेमानं सांगितलीय. तरी हा फरक मला आता ऐकू येतो.

६) जॉय डिव्हिजन, 'अननोन प्लेजर्स' (१९७९)

याचं कव्हर तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. काळ्यावर पांढऱ्या नागमोडी रेघा, डोंगररांगांसारख्या. आपल्या बाजारात त्याचा टी-शर्ट मिळतो. ते डोंगर नाहीत, आकाशातल्या एका ताऱ्याकडून ठराविक ठेक्यात येणाऱ्या रेडिओ लहरींचा आलेख आहे.

बँड मँचेस्टर भागातला. एकेकाळी कापसाच्या गिरण्यांची राजधानी, मग गिरण्या बंद आणि पडीक शेड. गायक इयान कर्टिस सरकारी रोजगार कार्यालयात नोकरीला होता. निर्माता मार्टिन हॅनेटनं ढोल असे ध्वनिमुद्रित केले की रिकाम्या गोडाऊनमध्ये कुणीतरी हातोडा मारतंय असं वाटावं. जालन्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. जिनिंग, मग सळईचे कारखाने, रात्री लांबून येणारा लोखंडाचा आवाज. 'जालना सोने का पालना' म्हणायचं आणि पाळण्यातल्या पोराला झोप नाही.

कर्टिसला फिट यायच्या. मे १९८० मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी त्यानं जीव दिला. त्याच्यावर पुस्तकं झाली, सिनेमे झाले. यावेळी ऐकताना मला सारखा आपला विलास घोगरे आठवत होता. मुंबईतला शाहीर. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं गेली, आणि त्यानंतर काही दिवसांतच विलासनंही आयुष्य संपवलं. आनंद पटवर्धन त्याच्या गाण्याचा माग काढत चौदा वर्षं कॅमेरा घेऊन फिरले, तेव्हा 'जय भीम कॉम्रेड' झाला. तो नसता तर आपल्यातल्या कितीजणांना विलासचं नाव माहीत असतं? टी-शर्टचं तर सोडाच.

५) 'तीन पैशाचा तमाशा' (१९७८)

हा अल्बम नाही, नाटक आहे. पण माझी यादी, माझे नियम. मूळ गोष्ट लंडनची, १७२८ ची, चोर आणि भिकाऱ्यांचा ऑपेरा. दोनशे वर्षांनी, १९२८ मध्ये, ब्रेख्त आणि कुर्ट वाइलनं ती बर्लिनमध्ये नव्यानं केली. आणखी पन्नास वर्षांनी पु. ल. देशपांडे यांनी ती मराठीत आणली आणि पुण्याच्या थिएटर अकॅडमीनं केली. होय, तेच पुलं. ज्यांना फक्त म्हैस आणि अंतू बर्वा माहीत आहेत त्यांच्यासाठी सांगतोय.

यात नंदू भेंडे होता. मुंबईचा रॉक गायक, १९७४ च्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मधला जूडास. म्हणजे तमाशाच्या चौकटीत एक खराखुरा रॉकवाला उभा केला. लावणी, नाट्यसंगीत आणि रॉक एकाच रात्री, एकाच रंगमंचावर. हॉस्टेलमध्ये मी समजायचो की मराठीत असलं काही होऊच शकत नाही. माझ्या जन्माच्या आधी होऊन गेलं होतं. नंदू भेंडे २०१४ मध्ये गेले. कुठंतरी तुकड्यातुकड्यांनी ऐकायला मिळतं, तेवढंच ऐकलंय, म्हणून पाचवा. अख्खं मिळालं असतं तर कदाचित वर गेलं असतं.

४) पब्लिक इमेज लिमिटेड, 'मेटल बॉक्स' (१९७९)

डीजेच्या भांडणासाठी हा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून नीट वाचा.

सेक्स पिस्टल्स फुटल्यावर जॉन लायडननं हा बँड काढला. तीन तबकड्या, सिनेमाची रीळ ठेवतात तसल्या पत्र्याच्या गोल डब्यात. डबा उघडताना हात कापावा असला प्रकार. गिटार ओरखडे काढते आणि खाली बेस. बेस म्हणजे भिंत. जाह वॉबल नावाच्या माणसाचा. हा बेस त्यांनी आणला कुठून? जमैकातून लंडनला आलेल्या काळ्या लोकांच्या 'साउंड सिस्टिम'मधून. जमैकात गरीब वस्त्यांत लोक कपाटाएवढे स्पीकर रस्त्यावर लावायचे, कारण बड्या हॉटेलातल्या नाचात त्यांना जागा नव्हती. मग त्यांनी रस्त्याचाच हॉल केला.

ओळखीचं वाटतंय ना? म्हणून मी पोरांच्या डीजेला सरसकट शिव्या देत नाही. ज्या माणसाला शेकडो वर्षं गावात मोठ्यानं बोलायची सोय नव्हती, तो वर्षातून एक दिवस छाती हादरेल एवढा आवाज लावणार. ती त्याची गरज आहे, मी समजू शकतो. 'आमच्याच जयंतीला कशाला उपदेश, बाकीच्यांच्या मिरवणुका काय टाळ-चिपळ्यांवर निघतात का?' असं कुणी म्हणलं तर तेही खरंच आहे. नियम सगळ्यांना सारखा पाहिजे.

पण मेटल बॉक्स पुन्हा ऐका. एवढ्या बेसच्या वर लायडनचा आवाज आहे, आणि तो काहीतरी सांगतोय. चिरका, बेसूर, पण शब्द आहेत. आपल्या ट्रॉलीवर शब्दच उरलेला नाही. बाबासाहेबांचं नाव एकदा येतं, त्याचे तुकडे करून चाळीसदा वाजवतात, आणि मग नुसता दणका.

३) गँग ऑफ फोर, 'एन्टरटेनमेंट!' (१९७९)

लीड्सच्या विद्यापीठातली पोरं. गिटारवाला अँडी गिल, २०२० मध्ये गेला. त्याची गिटार गात नाही, कापते. मधे मुद्दाम मोकळ्या जागा सोडलेल्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला का ओळखीचं वाटलं ते कळलं नव्हतं. आत्ता कळलं. शाहीर डफावर थाप मारून थांबतो, बोलतो, परत थाप मारतो, तसंच आहे हे. गाण्यांचे विषयही तसे. करमणूक कशी विकली जाते, प्रेम कसं विकलं जातं, बातमी बघता बघता आपण जेवत कसे राहतो.

कव्हरवर एक काउबॉय आणि एक अमेरिकन आदिवासी हात मिळवताना दिसतात. तीन चित्रं, आणि भोवती मजकूर. त्याचा अर्थ असा की आदिवासी हसतोय कारण त्याला वाटतं हा आपला दोस्त आहे, आणि काउबॉय हसतोय कारण आदिवासी फसला. हॉस्टेलमध्ये हे कव्हर मी कंप्युटरवर बघितलं आणि बराच वेळ गप्प बसलो. माझे दोस्त चांगले होते, तसले नव्हते. पण मी आडनाव गिळून ज्या दोस्तीत बसलो होतो, तिच्यात फसवणूक नक्की कोण कुणाची करत होतं?

आणखी एक सांगतो. आमच्या रूमच्या भिंतीवर एरिक क्लॅप्टनचं पोस्टर होतं. याच क्लॅप्टननं ऑगस्ट १९७६ मध्ये बर्मिंगहॅमच्या स्टेजवरून परदेशी आणि काळ्या लोकांविरुद्ध गरळ ओकली. ज्या काळ्यांच्या ब्लूजवर त्याचं नाव झालं, त्यांच्याविरुद्ध. त्यातूनच 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली आणि पंकवाले व रेगेवाले एका स्टेजवर आले. हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी समजत होतो की इंग्रजी गाण्याला जात नसते. असते. वेगळ्या नावानं असते, आणि तिथंही कुणीतरी उठून भांडलेलं असतं.

तारखा बघा. १९७८ ला आपल्याकडं विधिमंडळानं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. आबा तेव्हा सत्तावीस वर्षांचे. त्याच वर्षी लंडनच्या पार्कात वंशद्वेषाविरुद्ध गाण्याच्या सभा होत होत्या. दोघांना एकमेकांची खबर नव्हती. इकडं नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. ती मधली सोळा वर्षं आपल्या गाणाऱ्यांनी जागती ठेवली.

२) प्रल्हाद शिंदे, आबांची पेटी

एक अल्बम निवडता येत नाही, म्हणून अख्खी पेटी. वामनदादा कर्डक लिहायचे, वस्त्यावस्त्यांतून गायचे. हजारो गाणी. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज कॅसेटीवर चढला आणि घरोघर गेला. दोघंही २००४ साली महिन्या-दीड महिन्याच्या अंतरानं गेले.

प्रल्हाद शिंदे म्हणजे काय चीज होती ते पोरांनो ऐका. त्यांची विठ्ठलाची गाणी आजही आषाढीला देवळाच्या स्पीकरवर लागतात, आणि त्याच गळ्याची भीमगीतं विहारात. कव्वाली म्हणाल तर ती पण. ज्या देवळांत एकेकाळी आपल्या माणसांना पायरी चढू देत नव्हते, त्या देवळांची पहाट आपल्या माणसाच्या आवाजानं होते. आबा हे सांगताना नेहमी मिशीत हसायचे. "भोंगा माझा, कॅसेट माझी, आवाज आपला, आन् देऊळ त्यांचं," म्हणायचे.

पंकवाल्यांचा मोठा अभिमान काय, तर आम्ही कंपनीच्या दारात गेलो नाही, स्वतः रेकॉर्ड काढली, हातानं कव्हर चिकटवली. आपल्याकडं हे न सांगता चालू होतं. जयंतीच्या रात्री गाणं झालं की सकाळी त्याची नक्कल, नकलेची नक्कल, पानटपरीवर, एस.टी. स्टँडवर. आता तेच काम मोबाइल करतो. कडूबाई खरात एकतारी घेऊन दारोदार गायची, तिचे व्हिडिओ फिरले आणि महाराष्ट्रभर पोचली. एक बाई, एक तार. बेस शून्य. आणि अख्खी बस गप्प होते, हे मी परतूरच्या गाडीत डोळ्यांनी बघितलंय.

१) 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' (२०१२)

काहीजण म्हणतील, हेही नाटकच. असू द्या. पहिला नंबर जालना जिल्ह्याला, आणि आपला माणूस म्हणून नाही.

लिहिलं राजकुमार तांगडेनं, घनसावंगी तालुक्यातल्या जांबसमर्थचा शेतकरी. ज्या गावात समर्थ रामदास जन्मले तेच. आधी यानंच वीजचोरीवर 'आकडा' लिहिलं होतं. दिग्दर्शन नंदू माधव यांचं, संकल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचं. काम करणारी बरीचशी पोरं आपल्याच जिल्ह्यातली. यम शिवाजी महाराजांना न्यायला येतो, महाराज जातात पण विचार मागंच राहतात, आणि यमाला ते शोधत पुन्हा पृथ्वीवर यावं लागतं. शोधत शोधत तो आजच्या वस्तीत पोचतो. मग खरा सामना. शिवाजी कुणाचा?

संभाजी भगतची गाणी नुसती ऐकायची नसतात, ती तुमची कॉलर पकडतात. पोवाडा, गोंधळ, कव्वाली, रॅप, जे हाताला येईल ते. आणि तरी एक शब्द हरवत नाही. हॉस्टेलमध्ये मी ज्याला 'अवघड संगीत' म्हणून मिरवायचो, त्यापेक्षा हे कितीतरी अवघड. कारण हसवत हसवत ते आपल्याच माणसाला आरसा दाखवतं. महात्मा फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला, ती वाट इथं येऊन पोचते. जांबसमर्थचा शेतकरी आणि भीमनगरचा शाहीर एका स्टेजवर उभे राहून हे करतात, आणि २०२३ पासून आपल्याच जिल्ह्यात गावागावांत, पारापारावर जी दरी पडलीय ती बघितली, की पहिला नंबर कुणाला हे ठरवायला मला वेळ लागला नाही. ही यादी संगीताची आहे हे मान्य. पण आज जालन्यात कोणतं गाणं वाजलं पाहिजे, असा प्रश्न असेल तर उत्तर हेच.

आता बैठकीकडं.

आबांचं वय त्र्याहत्तर. आयुष्य भोंग्याखाली गेलं, त्यामुळं डावा कान गेलाय आणि उजव्याला मशीन आहे. डॉक्टर म्हणाले की बारीक आवाज आधी जातात, जाडे राहतात. म्हणजे आता त्यांना डीजेचा बेस जाणवतो. खाटेवर, पाठीतून. पण शब्द कळत नाहीत. मागच्या जयंतीला मिरवणूक दारावरून गेली तेव्हा त्यांनी मला विचारलं, "काय गाणं लावलंय?" मी नीट ऐकलं. मलाही कळलं नाही. माझे कान तर धड आहेत.

साउंड सर्व्हिसच्या दिवसांत त्यांचा एक नेम होता. भोंगे बांधून झाले की चालत शेवटच्या घरापर्यंत जायचे. तिथं शब्द कळतोय का बघायचे. कळत नसेल तर आवाज वाढवायचे नाहीत, भोंग्याचं तोंड फिरवायचे. "आवाज मोठा नाय करायचा, पोचवायचा," एवढंच म्हणायचे. यंदाच्या बैठकीत मी हेच मांडणार आहे:

एक. संध्याकाळी सहा ते सात, एक तास थेट गाणं. हलगी, ढोलकी, पेटी, आणि आपल्याच जिल्ह्यातले गाणारे. त्यांना चहा-नारळावर बोळवायचं नाही, डीजेवाल्याला देतो तसे आगाऊ पैसे द्यायचे. डीजेच्या रकमेतला चौथा हिस्सा मिळाला तरी दोन पार्ट्या येतात.

दोन. डीजे त्यानंतर, आणि रात्री दहाला बंद. हा काही माझा शोध नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद आहेत. सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, तेवढीच. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आहे. आपण त्याच्या आसपासही नसतो, आणि दुसरं कुणीही नसतं. आपण आधी पाळलं तर बाकीच्यांना सांगायला तोंड राहील. दवाखाना आणि शाळेपासून शंभर मीटरमध्ये ट्रॉली थांबवायची नाही, हे मात्र कुणाची वाट न बघता यंदापासूनच करू.

तीन. जुन्या कॅसेटी. ज्यांच्या घरी जयंतीच्या, जलशाच्या, नामांतराच्या काळातल्या कॅसेटी पडल्यात त्यांनी फेकू नका, भंगारात देऊ नका. मी टेपडेकचा पट्टा बदलून घेतलाय, चालू आहे. कॅसेट आणा, कंप्युटरवर घेऊन त्याच दिवशी परत देतो. पैसे नाही. बुरशी असली तरी आणा, थोडी साफ होते.

यादी मी त्या पोराला बैठकीआधीच पाठवली. त्याचा उलटा मेसेज आला, "भाऊ यादी भारी आहे, पण यातलं अर्धं इंग्रजी मिरवणुकीत कोण लावणार? आणि डीजेचा ॲडव्हान्स देऊन झालाय." दोन्ही मुद्दे बरोबर. पुढं त्यानं लिहिलं की 'मेटल बॉक्स' त्यानं दोनदा ऐकलं आणि बेस 'कडक' आहे. एक तासाचं तो बोलून बघतो म्हणाला. म्हणजे हो म्हणाला नाही, नाही पण म्हणाला नाही. जयंतीच्या राजकारणात एवढं पुष्कळ झालं.

आबांच्या पेटीत एक कॅसेट आहे, १४ एप्रिल १९९१ ची, जन्मशताब्दीची. आबांनी अँप्लिफायरवरून थेट टेप केलेली. बायकांचा कोरस, माइकची शिट्टी, मधेच एक पोरगं हरवल्याची सूचना, निळा शर्ट, नाव सांगता येत नाही. यादीत ती ठेवली नाही, कारण ते निळ्या शर्टातलं पोरगं मीच होतो आणि मग निकाल निष्पक्ष राहिला नसता. काल रात्री ती आबांच्या मशीनच्या कानाजवळ लावली. बराच वेळ ऐकलं त्यांनी. मग म्हणाले, "डावा भोंगा जरा खाली पाहिजे होता."

तुमची यादी खाली टाका. इंग्रजी, मराठी, उर्दू, काहीही चालेल. आणि रविवारी बैठकीला या. नुसतं लाइक करून घरी बसू नका.

जयभीम.